टीपीत घासाघीस कशाला, वाचवायचे तर ओडीत वाचवा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात अधूनमधून विनाविमा गाड्यांवर कारवाईची बातमी असते, अमुक चौकात नाकाबंदी, इतक्या गाड्यांना चलान, इतका दंड वसूल. ती वाचून आमच्याकडे होते काय, तर दोन दिवस लोक स्वस्तातला स्वस्त इन्शुरन्स शोधत फिरतात अन तिसऱ्या दिवशी विसरून जातात. माझं दारव्हा तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावी झेरॉक्स अन ऑनलाइन कामाचं लहानसं दुकान आहे. मी पॉलिसी विकत नाही, कमिशनशी आपला संबंध नाही, फक्त प्रिंट काढून देतो अन आरसी-लायसन्सच्या झेरॉक्स मारतो, पण रोज हाताखालून जाणारे कागद वाचायची सवय लागली म्हणून हे पत्र लिहून राहिलो. थोडं लांबलं तर काटछाट करा, पण आकडे तेवढे राहू द्या.

लोक दुकानात येऊन काय म्हणतात पाहा. "भाऊ, पोलिसाले दाखवाले होईल असा स्वस्तातला काढून दे." म्हणजे इन्शुरन्स हा पोलिसासाठी असतो हे डोक्यात पक्कं बसलेलं. एक जण तर पुरा हिशोबच मांडून मोकळा झाला, लहान गाडीचा टीपी (थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा इन्शुरन्स) जीएसटी धरून २,४७१ रुपये, अन बिनाइन्शुरन्सचा पहिला दंड २,०००, "मंग दंडच परवडला नं!" दुकानातले सगळे हसले अन दोघा-तिघांनी मान पण डोलावली. कायदा काय आहे तर मोटार वाहन कायदा १९८८, कलम १४६, रस्त्यावर गाडी आणायची तर थर्ड पार्टी म्हणजे टीपी पाहिजेच, त्यातून सुटका नाही. नसला तर कलम १९६, पहिल्यांदा २,००० रुपये दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, पुन्हा सापडला तर दंड ४,०००, हे आकडे २०१९ च्या दुरुस्तीनंतरचे. तर दंड हा त्या एका वेळेपुरता अन टीपी वर्षभराचा, इथेच त्या भाऊंचं गणित फसते. चलानची पावती खिशात आहे म्हणून पुढच्या वळणावर कोणाला धडक लागली तर त्याचे पैसे सरकार भरणार आहे का?

कारण खरा खर्च चलानचा नाहीच. अपघातात कोणी दगावलं तर भरपाई मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवते, गेलेल्या माणसाचं वय किती, कमाई किती, मागं खाणारी तोंडं किती ह्याच्यावरून, अन ती सहज लाखांत जाते. टीपी असला तर ही रक्कम कंपनी भरते अन मृत्यू-दुखापतीसाठी तिला वरची मर्यादा नसते, दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान असलं तर कारसाठी साडेसात लाखांपर्यंत. टीपी नसला तर मालकाने भरायचे. अन मालक म्हणाला माझ्याजवळ नाही तर कलम १७४ आहे, न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे वसुलीचा दाखला पाठवू शकते अन मग ती वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होते. शेतकऱ्याला ह्याच्यापुढे काही समजावून सांगायची गरज नाही. गाडीही सहज हाती येत नाही, बिनाविम्याच्या गाडीने अपघात केला अन मालकाने भरपाईची हमी दिली नाही तर ती गाडी विकून रक्कम न्यायाधिकरणात भरावी, असं सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्येच सगळ्या राज्यांना सांगून ठेवलेलं आहे.

आता ज्या गोष्टीसाठी लोक सगळ्यात जास्त वेळ घालवतात ती, म्हणजे टीपी कुठे स्वस्त मिळते. कुठेच नाही! टीपीचा दर कंपनी ठरवत नाही, केंद्राचं रस्ते वाहतूक मंत्रालय ठरवते, सरकारी कंपनी घ्या की खाजगी घ्या, नागपुरात काढा की आर्णीत काढा, दर तोच. १ जून २०२२ पासून जे दर लागू झाले ते १,००० सीसीपर्यंतच्या कारला २,०९४ रुपये, १,००० च्या वर १,५०० सीसीपर्यंत ३,४१६, अन १,५०० च्या वर ७,८९७. त्याच्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे लहान गाडी २,४७१, मधली ४,०३१ अन मोठी ९,३१८ च्या आसपास. इलेक्ट्रिक गाडीला ह्या दरात १५ टक्के सूट आहे अन हायब्रिडला साडेसात टक्के. मोटरसायकलचं विचाराल तर ७५ ते १५० सीसीची ७१४ रुपये, १५० ते ३५० ची १,३६६, जीएसटी वेगळा.

म्हणून कोणी जर म्हणाला की दादा तुमच्या डिझेल गाडीचा इन्शुरन्स बाराशेत करून देतो, तर तिथूनच उठून या. एवढ्या पैशात कारचा खरा टीपी निघूच शकत नाही. असे प्रकार उघडकीस आलेले आहेत की कारचा नंबर टाकून कागदोपत्री दुचाकीची पॉलिसी काढायची अन प्रिंट देताना त्याच्यात फेरफार करून कारची दाखवायची. कागद पाहिला तर हुबेहूब, शिक्का, क्यूआर, सगळं जागेवर. माझ्याकडे असा एक कागद लॅमिनेशनला आला होता, त्याच्यात गाडी चार चाकी अन सीसीच्या रकान्यात ९७. मालकाला दाखवलं तर त्यांचा विश्वासच बसेना, कारण एजंट नात्यातला. पडताळायला दोन मिनिटं लागतात, एम-परिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकला की इन्शुरन्स कोणत्या कंपनीचा अन कधीपर्यंत आहे ते दिसते, अन पॉलिसी नंबर कंपनीच्या टोल फ्रीवर विचारता येते. आपला माणूस आहे म्हणून तपासायला लाजू नका.

आता ह्या पत्राचा मुख्य मुद्दा. पॉलिसीत दोन भाग असतात, एक टीपी म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचं केलेलं नुकसान, अन दुसरा ओडी म्हणजे तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान, अपघात, चोरी, आग, पूर वगैरे. दोन्ही मिळून लोक ज्याला फुल इन्शुरन्स किंवा फर्स्ट पार्टी म्हणतात तो. टीपीचा दर ठरलेला, ओडीचा मात्र प्रत्येक कंपनीचा वेगळा, म्हणजे पैसे वाचायची जागा ओडीतच आहे. अन आमच्याकडे बरोबर उलटं चालते, टीपीवर घासाघीस अन ओडीत एजंट म्हणेल तो आकडा.

त्यात नवीन गाडीवाल्यांची एक गंमत सांगतो, गंमत कसली. १ सप्टेंबर २०१८ पासून नवीन कार घेताना टीपी एकदम ३ वर्षांचा घ्यावा लागतो, मोटरसायकलला ५ वर्षांचा, हे पण सुप्रीम कोर्टाच्या आदेशानेच. ओडी मात्र बहुतेक पॉलिसीत एकाच वर्षाचा असतो. कागदावर दोन तारखा बाजूबाजूला छापलेल्या असतात, पण शोरूमवाला चावी देताना म्हणतो तीन वर्षं पाहायचं काम नाही, अन मालकही पाहत नाही. वर्ष सरते, ओडी गुपचूप संपून जाते, टीपी चालू असल्यामुळे नाक्यावर कोणी अडवत नाही, ॲपमध्येही इन्शुरन्स चालू दिसते. मग रात्री रस्त्यात रोही म्हणजे नीलगाय आडवा येते, बोनेट, रेडिएटर, काच सगळं चुराडा, अन गॅरेजमध्ये उभं राहून समजते की गाडीचा इन्शुरन्स होता पण गाडीसाठी नव्हता. असे दोन तारखांचे कागद माझ्याकडे नेहमी येतात अन दर वेळी मी पेनाने गोल करून देतो. ज्यांच्या घरी गेल्या तीन वर्षांत नवी गाडी आली त्यांनी हा पेपर खाली ठेवून आधी ती तारीख पाहावी.

बरं आता वाचवायचे कसे. सगळ्यात मोठी चीज एनसीबी, म्हणजे वर्षभर क्लेम घेतला नाही त्याचं बक्षीस. ओडीच्या प्रीमियममध्ये पहिल्या बिनाक्लेम वर्षानंतर २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५ अन पाच वर्षं झाली की ५० टक्के. एक क्लेम घेतला की पुन्हा शून्यावर, परत पहिलीपासून शाळा. आता समजा मागचा बंपर फुटला, पार्ट ३,००० अन मजुरी ५००. गॅरेजवाला म्हणते क्लेम टाकून देऊ, तुमचे काय जातात. तर काय जातात ते पाहा. प्लास्टिकवर ५० टक्के घसारा कापतात म्हणजे पार्टचे १,५०० मिळतील, मजुरीचे ५००, झाले २,०००, त्यातून १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये सक्तीने आपल्या खिशातले, म्हणजे हाती आले १,०००. अन तुमचा ओडी सूट धरायच्या आधी ६,००० चा असला अन ५० टक्के एनसीबीवर तुम्ही पोहोचलेले असले तर पुढच्या वर्षी ३,००० जास्त, त्याच्या पुढच्या वर्षी १,८००, मग १,५००, ९००, ३००. ओडी तेवढाच राहिला असं धरलं तर साडेसात हजार होतात, गाडी जुनी होत जाते म्हणून प्रत्यक्षात थोडे कमी होतील, पण हजारासाठी हे कोणत्या हिशोबात बसते? बारकी डेंटिंग-पेंटिंग खिशातून करा अन क्लेम मोठ्या कामासाठी राखून ठेवा. एनसीबी प्रोटेक्ट म्हणून ॲड-ऑन, म्हणजे जास्तीचे पैसे देऊन जोडायचं कव्हर, मिळते, ज्यांची गाडी रोज रस्त्यावर आहे त्यांनी विचारून पाहावं.

एनसीबीबद्दल अजून दोन गोष्टी. ती गाडीची नसते, मालकाची असते. जुनी कार विकून नवी घेतली तर कंपनीकडून एनसीबीचं पत्र घ्यायचं, ५० टक्के सूट नव्या गाडीच्या ओडीवर लागते, अन नव्या गाडीचा ओडी मोठा असतो म्हणून तिथे ती रक्कम चांगली भरते. शोरूममध्ये आपणहून कोणी हे विचारत नाही. दुसरं म्हणजे पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांच्या आत रिन्यू केली तरच एनसीबी टिकते. अन क्लेम घेतलेला असताना एजंट जर म्हणाला की एनसीबी दाखवून टाकू, कोण पाहते, तर कंपनी पाहते, क्लेमच्या वेळी जुन्या कंपनीला विचारते अन मग तुमचाच क्लेम लटकते.

आता आमच्याकडची खरी अडचण सांगतो जी शहरातल्या लोकांच्या ध्यानात येत नाही. पॉलिसी संपते ऑगस्ट-सप्टेंबरात अन कापूस घरात येते दसरा-दिवाळीला. त्या दोन महिन्यांत हातात पैसा नसते, फवारणी, खत, पोरांच्या फिया, अन दहा-बारा हजाराचा फुल इन्शुरन्स पाहून माणूस म्हणते पुढच्या महिन्यात पाहू. अन पूर्ण पॉलिसीच बंद पडते, टीपीसकट. अरे भाऊ, १ सप्टेंबर २०१९ पासून ओडी वेगळा घेता येते. हात तंग आहे तर तारखेच्या आत नुसता टीपी भरा, लहान गाडीला २,४७१ चं काम आहे, अन पैसे आले की ९० दिवसांच्या आत ओडी घ्या, एनसीबी वाचते. मधल्या काळात तुमच्या गाडीचं नुकसान झालं तर ते तुमच्यावर, पण सातबारा तरी सुरक्षित. खंड पडला की कंपनी ओडी द्यायच्या आधी गाडीची तपासणी मागते, आजकाल मोबाइलवर गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढून पाठवायचा असते, अन आमच्याकडे नेटवर्कचे हाल असे की लोक तो व्हिडिओ पाठवायला टेकडीवरच्या मंदिरात जातात. तारखेच्या आत केलं की हा तमाशाच नाही.

आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पार चुराडा झाली तर कंपनी जास्तीत जास्त किती देईल तो आकडा. गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या किमतीवर घसारा धरून काढतात, एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के, दोन ते तीन ३०, तीन ते चार ४०, चार ते पाच ५०, त्याच्या पुढे आपसात ठरवून. प्रीमियम कमी दाखवायला कितीतरी जण आयडीव्ही पाडतात. साडेतीन लाखाला सहज विकली जाईल अशी गाडी अन कागदावर दोन लाख वीस हजार. मालक खुश, सातशे-आठशे रुपये वाचले. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की टोटल लॉस धरतात, म्हणजे पाडलेल्या आयडीव्हीवर तुमची गाडी लवकर भंगारात निघते अन पैसे पण कमी मिळतात. दोन कंपन्यांचे कोटेशन ताडून पाहताना आयडीव्ही सारखा आहे का ते आधी पाहा, नाहीतर तुलनेला काही अर्थ नाही. उलट गाडी बारा-पंधरा वर्षांची आहे अन आयडीव्हीच साठ-सत्तर हजारावर आला असेल तर ओडी सोडून फक्त टीपी ठेवला तरी माझ्या मते काही बिघडत नाही, मग एक गोष्ट मात्र सोबत करायची ती पुढे सांगतो.

गावात कितीतरी गाड्या अशा आहेत की आठवड्यातून एकदा बाजार, महिन्यातून एकदा यवतमाळचा दवाखाना, अन लग्नसराईत चार फेऱ्या, बाकी वेळ अंगणात ताडपत्रीखाली. त्यांच्यासाठी आयआरडीएने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, जुलै २०२२ मध्ये ओडीत जितकी चालवली तितकं भरा अशी सोय करायला कंपन्यांना परवानगी दिली, किलोमीटर ठरवून घ्यायचे अन प्रीमियम कमी. मला वाटते शहरापेक्षा ही सोय आपल्याच कामाची आहे, पण आमच्याकडे कोणाच्या पॉलिसीत मला ती अजून दिसली नाही, कारण मागतच नाही कोणी. तसंच पहिले अडीच हजार, पाच हजार आपण भरू असं आधीच कबूल केलं तर ओडीत सूट मिळते, ज्याला बारके क्लेम घ्यायचेच नाहीत त्याचा ह्याच्यात फायदाच आहे. अन झोनचं पण माहीत असू द्या, ओडीसाठी मुंबई, पुण्यासारखी ८ मोठी शहरं झोन ए अन बाकी सगळा देश झोन बी, नागपूर धरून आपण सगळे बी मध्ये, म्हणून पुण्याच्या भाच्याचा आकडा पाहून आपला मोजायचा नाही.

मालक-चालकाच्या १५ लाखांच्या अपघात विम्यात तर सरळसरळ पैसे वाया जातात. तो सक्तीचा आहे हे खरं, पण एका माणसाला एकच पुरते. कार अन मोटरसायकल एकाच नावावर असली तर दोन्हीकडे भरायची गरज नाही, २०१९ च्या सुरुवातीपासून हा नियम आहे, अन वेगळी १५ लाखांची अपघात पॉलिसी असली तरी चालते. बँकेतून २० रुपये कटतात तो सुरक्षा विमा २ लाखांचा आहे, तो ह्याच्यात चालत नाही, हे पण पुष्कळांना सांगावं लागते. अन गाडी म्हाताऱ्या वडिलांच्या नावावर आहे, त्यांच्याकडे लायसन्सच नाही, तर त्यांना हे कव्हर देताच येत नाही, तरी पावतीत लावलेलं असते. पैसे घेतले कशाचे?

वर म्हटलं ती गोष्ट म्हणजे गाडीत बसलेल्या लोकांची. रात्री-बेरात्री शेजारच्या बाईला बाळंतपणाला न्यायचं, कोणाला साप चावला, गाडी ज्याच्याकडे असते त्यालाच उठवतात अन तो उठतोही. नुसता टीपी असलेल्या खाजगी कारमध्ये सोबत बसलेल्यांची भरपाई कंपनी आपल्यावर घेत नाही, फुल इन्शुरन्समध्ये ते धरलेले असतात. म्हणून फक्त टीपीवर राहायचं असेल तर प्रवाशांचं अपघात कव्हर थोडे पैसे देऊन त्याच्यात जोडून घ्या. मी तर म्हणतो झिरो डेप (घसारा न कापायचं ॲड-ऑन) सोडा पण हे सोडू नका.

दुसरीकडे ह्याच गाडीत बाजाराच्या दिवशी सीटा भरणारेही आहेत. "डिझेलपाणी निघून जाते" म्हणतात. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने चालवली अन अपघात झाला तर ओडी क्लेम गेलाच समजा, अन टीपीचे पैसे कंपनीने भरले तरी नंतर मालकाकडून वसूल करायचा आदेश होऊ शकते. वेचणीच्या बाया ट्रॅक्टर-ट्रॉलीत बसवून नेण्याचं तर विचारूच नका, ट्रॅक्टरला सीट एकच, चालकाची, अन ट्रॉलीचा इन्शुरन्स कितीजणांनी काढलेला आहे हे तालुक्यात एकदा कोणी पाहावं. त्याच्यावर वेगळं पत्र होईल.

सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांनी एवढं पाहावं. नागपूरहून गाडी आणली, नोटरी झाली, गाडी नावावर करायच्या २९-३० नंबर फॉर्मवर सह्या झाल्या अन सहा महिने तसेच डिक्कीत पडले. टीपी कायद्याने नव्या मालकाकडे आपोआप येते, ओडी येत नाही, १४ दिवसांच्या आत कंपनीला कळवून आपल्या नावावर करून घ्यावा लागते, नाहीतर क्लेमच्या वेळी कंपनी म्हणते गाडी तुमची, पॉलिसी त्यांची, आम्ही द्यायचे कोणाला? अन विकणाऱ्यानेही गाफील राहू नये, आरसीवर ज्याचं नाव तो मालक असं सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट केलेलं आहे, गाडी दोन हात पुढे गेलेली असली तरी भरपाईची नोटीस तुमच्याच दारात येईल. बाहेरून गॅस किट बसवली असेल तर ती आरसीवर अन पॉलिसीवर दोन्हीकडे चढवा.

पावसाळ्यातली एक गोष्ट जरा थांबून सांगतो कारण ह्यात इंजिन जाते. नाल्याच्या रपट्यावरून पाणी जाऊन राहिलं, पुढची मोटरसायकल निघाली म्हणून आपणही घातली, अन मधात गाडी बंद पडली. पुरात गाडीचं नुकसान झालं तर ते ओडीत येते. पण पाणी शिरलेल्या इंजिनला पुन्हा सेल्फ मारला अन आतून कनेक्टिंग रॉड वाकला, तर कंपनी म्हणते हे पुराने झालं नाही, तुम्ही सेल्फ मारल्याने झालं, अन इंजिन प्रोटेक्ट नसलं तर त्याचे पैसे मिळत नाहीत. म्हणून चावी काढून घ्यायची, लोकांकडून ढकलून बाहेर घ्यायची, तिथल्या तिथे फोटो काढायचे, कंपनीच्या नंबरवर कळवायचं अन टो करूनच गॅरेजला न्यायची. रोही-रानडुकराच्या धडकेतही तसंच, आधी फोटो, मग कंपनीला फोन, सर्व्हेअर येऊन पाहेपर्यंत गाडी खोलू द्यायची नाही. ज्याच्या रोजच्या रस्त्यात नाला आहे त्याने इंजिन प्रोटेक्ट घ्यावं, बाकी चावी हरवल्याचं अन सामान हरवल्याचं असली ॲड-ऑन कोणी फुकट दिली तरच घ्यावी. पीयूसी नाही म्हणून क्लेम मिळत नाही असं सांगतात ते मात्र खोटं आहे, आयआरडीएने २०२० मध्ये खुलासा केलेला आहे, दंड लागतो ते वेगळं.

शोरूममध्येच इन्शुरन्स घ्यावा लागतो, नाहीतर कॅशलेस होत नाही, असंही दाबून सांगतात. ग्राहक कोणत्याही कंपनीचा कुठूनही घेऊ शकते, लोनची गाडी असली तरी. शोरूमचं कोटेशन घ्या, सरकारी चार कंपन्यांपैकी एखाद्या शाखेतून अन एक-दोन खाजगीकडून घ्या, आयडीव्ही सारखा ठेवून समोरासमोर मांडा. कॅशलेसचं गॅरेज आपल्या तालुक्यापासून किती दूर आहे ते पण विचारा, स्वस्त पॉलिसीचं जवळचं गॅरेज नागपुरात असेल तर टो करायचेच पैसे किती होतील. अन क्लेम अडला तर हात जोडत बसू नका, आधी कंपनीकडे लेखी तक्रार, महिन्याभरात निकाल लागला नाही किंवा पटला नाही तर विमा लोकपाल, विदर्भ पुण्याच्या ऑफिसखाली येते, ५० लाखांपर्यंतचे आदेश ते देऊ शकतात, फी काही नाही, वकील लागत नाही, अर्ज ऑनलाइन होते. आयआरडीएचा १५५२५५ हा फोन नंबर पण आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी ग्राहक आयोग आहेच.

साहेब, आरटीओचा कॅम्प तालुक्याला लागते तेव्हा शेकडो लोक लायसन्ससाठी रांगेत उभे असतात. तिथे भिंतीवर टीपीचे सरकारी दर मराठीत मोठ्या अक्षरात लावावेत अन शोरूमवाल्यांना पावतीवर ओडीची अन टीपीची तारीख वेगवेगळी ठळक लिहून द्यायला सांगावं, ही माझी आरटीओ ऑफिसला विनंती. तुमच्याकडे विनंती अशी की नाकाबंदीची बातमी छापाल तेव्हा तिच्याखाली हे दर चौकटीत छापा, कापून दुकानात लावतो.

आपला,
एक वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ